बेटाचं पश्चिम टोक

होळी होऊन नऊ दिवस झाले. मी रोज सकाळी डिंडोलीहून दोन बस बदलून खाडीकाठी येते आहे. समोर वाळूचं लांबट बेट आहे. ओहोटीला पायी जाता येतं. त्याच्या पश्चिम टोकावर सुरय अंडी घालतात. पांढरे, काळ्या टोपीचे, मैनेएवढे पक्षी. घरटं बांधत नाहीत, उघड्या वाळूत छातीने खळगा करतात, झालं. यंदा ते येतात की नाही, याचा मला घोर लागला आहे, कारण गेल्या वर्षी ते माझ्यामुळे राहिले नाहीत.

पोरांनो, तुम्हांला मी तेव्हा कुंपणाचा फोटो पाठवला होता आणि तुम्ही दोघांनी लाल बदाम पाठवलेत. पुढचं मी कळवलंच नाही.

त्याआधीच्या थंडीत मला अंड्यांच्या जागेवरच म्हशी चरताना दिसल्या. जन्मभर वर्गाला शिस्त लावलेली बाई मी. कोणाला विचारलं नाही. फिरायला येणाऱ्या चार बायका जमवल्या, बांबू रोवले, दोरी ताणली, पाटी लावली. म्हशी थांबल्या, पण गवत वाढतच राहिलं. होळीला ते गुडघ्याच्या वर होतं. सुरय आले, दोन दिवस वर ओरडत फिरले आणि निघून गेले.

म्हशींचे मालक, माझ्याच वयाचे, काठावर बसून बघत होते.

"बेन, पक्षी म्हशीला नाही घाबरत, कोल्ह्याला घाबरतो. एवढ्या गवतात कोल्हा दिसेल कसा त्याला?"

मग त्यांनी सांगितलं. थंडीभर ते टोक मुद्दाम चरवून घ्यायचं, गवत जमिनीलगत आणायचं. होळी पेटली की पिल्लं उडेपर्यंत तिकडे म्हैस नाही, माणूस नाही. त्यांच्या वडिलांच्याही आधीपासून असंच.

"मग तेव्हाच का नाही बोललात, भाई?"

"तुम्ही विचारलं कुठे? इंग्रजीत पाटी लावलीत. आम्हाला वाटलं, सरकार आलं!"

दिवाळी झाल्यावर सगळे बांबू मी उपटून आणले. थंडीभर म्हशी चरल्या. टोक आता अगदी बोडकं दिसतं, आणि मी दुर्बिणीने तेच ते बघत बसते. चहा गार होतो. घरी गेले तरी चित्त इकडेच.

आज दोन सुरय उतरले. एक वाळूवर बसला, अंग घुसळल्यासारखं केलं, उठला, पुन्हा बसला. मग माझ्या दुर्बिणीची काच धुरकटली, की डोळेच, कोण जाणे. ओहोटी होती. खळगा झालाय का एवढंच बघून यावं, म्हणून मी चपला काढल्या आणि साडी वर खोचली.

मागून आवाज आला, "बेन, होळी झाली ना?"

मी चपला घातल्या आणि परत काठावरच्या माझ्या दगडावर येऊन बसले. तिथून खळगा काही म्हणजे काही दिसत नाही.