उलट्या बोटांची परीक्षा

माझे धाकटे दीर अडतीस वर्षं वायरमनचं काम करत आले. टेस्टर त्यांच्या खिशाला असायचा, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानापुरता. त्यांचा स्वतःचा भरवसा बोटांच्या पाठीवर. उलटी बोटं अलगद टेकवायची. करंट असला तर हात झटक्यानं मागे येतो. तळव्यानं धरलं तर वायरच माणसाला धरून ठेवते, असं ते सांगत. आमच्या ख्रिसमस ट्रीचे दिवे दर वर्षी तेच लावत. माळाही त्यांनीच जोडलेल्या.

अठरा डिसेंबर, दुपारचे सव्वातीन. ते स्टुलावर उभे राहून माळ गुंडाळत होते, मी खालून गुंता सोडवून देत होते. झाड बाजारातलं, दांडा लोखंडी. मी भिंतीवरचं बटण दाबून परत आले आणि माझं कोपर दांड्याला लागलं. खांद्यापर्यंत मुंग्या चढल्या.

"भाऊजी, झाडात करंट उतरलाय."

त्यांनी उलटी बोटं दांड्यावरून फिरवली. "काही नाही वहिनी. वय बोलतंय तुमचं."

"माझं वय कोपरातून बोलत नाही. तुम्ही लाकडी स्टुलावर आहात."

"आता तुम्ही मला शिकवा," असं म्हणत ते खाली उतरले. अनवाणी फरशीवर उभे राहिले आणि बोटं पुन्हा टेकवली. तिथंच ठेवली. त्यांची करंगळी आपली आपण थरथरत होती, आणि ते माझ्याकडे बघून हसत होते.

बटण चार पावलांवर होतं, तिथवर कशी पोचले आठवत नाही. दिवे विझले. त्यांनी हात काढला, तोही मला चिडवायला, सावकाश.

त्यांना साखरेचा आजार आठ वर्षांचा. चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, असं जाऊबाई म्हणाल्या होत्या. मी शिवणाच्या डब्यातून सुई आणली. "डोळे मिटा."

"हा काय पोरखेळ?"

"मिटा म्हणते ना."

मिटले. मी मधल्या बोटाला टोचलं, मग शेजारच्याला. ते वाट बघत होते.

"अहो, टोचा की एकदाची."

डोळे उघडले तेव्हा दोन्ही बोटांवर रक्ताचे थेंब होते. त्यांनी ते पुसले नाहीत. मला वाटलं, स्वतःसाठी घाबरले. पण ते हळूच म्हणाले, "वहिनी, सोमवारी मी पाळणाघरातला पाण्याचा कूलर दुरुस्त केला. तोही हातानंच तपासला."

कूलरचं अंग पत्र्याचं. भोवती कायम पाणी सांडलेलं, आणि मुलं अनवाणी.

मी लगेच फोन लावला. पाळणाघरच्या बाईंना मी एवढंच सांगितलं, "कूलरला कुणाला हात लावू देऊ नका, आधी मेन स्विच बंद करा." त्या "थांबा हं" म्हणाल्या आणि फोन तसाच ठेवून गेल्या. आम्ही दोघं कान लावून उभे. पलीकडे मुलांचा गलका. गलका चालू आहे तोवर ठीक, असं मी मनाशी म्हणत होते. मग तो एकदम थांबला. भाऊजींनी माझं मनगट धरलं.

"पंखे बंद पडले म्हणून गप्प झालीत," बाई परत येऊन म्हणाल्या. "केला बंद. पण झालंय काय?"

मी फोन भाऊजींपुढे धरला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी धरूनच ठेवला.

शेवटी त्यांनी घेतला. "मी वायरमन बोलतोय," ते म्हणाले. "दुसरा माणूस बोलवा. माझ्या बोटांना करंट कळत नाही."