आजोबा वाढायला उठले

आमचं घर ज्या रस्त्यावर आहे तो रस्ता पुढे कुठेच जात नाही. शेवटी गोल वळतो आणि तिथेच संपतो, आणि त्या गोलाभोवती आमची सगळ्यांची घरं आहेत. आमच्या या ईडन प्रेरी गावात असे रस्ते पुष्कळ. हिवाळ्यात इथे शेजारी एकमेकांना दिसतात ते फक्त बर्फ काढताना, टोपी आणि मफलरच्या मधून डोळे तेवढे उघडे. म्हणून उन्हाळा संपायच्या आत, इथल्या शाळा सुरू होण्याच्या आधीच्या शनिवारी, सगळ्यांनी आमच्या अंगणात एकत्र जेवायचं अशी पद्धत पडली. ती तुमच्या आजोबांनी पाडली. तुमची आई तेव्हा शाळेत होती.

सुरुवातीला ते जेवण इथल्या रीतीने व्हायचं. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा, लांब टेबलावर ठेवायचा आणि ज्याने त्याने आपल्या हाताने वाढून घ्यायचं. आजोबांना ते बघवेना. "पाहुणा रांगेत उभा राहून स्वतःच्या हाताने वाढून घेतो, आणि यजमान खुर्चीत बसून बघतो? हे कसलं जेवण?" असं म्हणून त्यांनी बटाटेवड्यांचं ताट उचललं आणि खुर्च्यांमधून फिरायला लागले. लोक हसून 'नको, थँक यू' म्हणायचे. आपल्याकडे पहिलं 'नको' ही नुसती सभ्यता असते, हे त्यांना कसं माहीत असणार? आणि इथे 'नको' म्हणजे नकोच, हे आजोबांना माहीत असूनही त्यांनी कधी मानलं नाही.

समोरच्या घरात एक बाई राहतात. त्या तेव्हा प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त आहेत. त्या वर्षी त्या मला हळूच बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्या नवऱ्याला थांबवायचं कसं?" मी सांगितलं, ताटलीवर हात आडवा धरा आणि 'पुरे' म्हणा. त्यांनी तो धडा साऱ्या रस्त्याला शिकवला. पुढच्या वर्षी सगळे तयारीने आले. आजोबा दिसले की मोठी माणसंसुद्धा ताटलीवर हात ठेवून 'पुरे, पुरे' ओरडायची, आणि आजोबा वडा सरळ त्या हातावर ठेवून पुढे जायचे. आमच्या रस्त्यावर वाढलेल्या कितीतरी मुलांना मराठीतला तेवढा एकच शब्द येतो.

हे सगळं मी तुम्हाला लिहिते आहे, कारण तुमच्या आईने यंदाचा फोटो तुम्हाला दाखवला आणि तुम्ही विचारलंत, की आजोबा तर बरे दिसतात, मग आई का रडली.

गेल्या हिवाळ्यात आजोबा दूध आणायला गाडी घेऊन गेले आणि घरी आले नाहीत. एका अनोळखी माणसाने आजोबांच्याच फोनवरून मला कळवलं. आजोबा गॅस स्टेशनवर, म्हणजे पेट्रोल पंपावर, उभे होते, आणि आपलं घर पुण्यात कुठल्या पेठेत आहे ते त्या माणसाला समजावून सांगत होते. पुढे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आजाराला नाव मिळालं. गाडीची किल्ली मी कपाटात ठेवली. तुमच्या आईला सांगितलं. रस्त्यावर कुणालाच सांगितलं नाही. बर्फात ते लपवणं सोपं होतं. उन्हाळ्यात लोक फिरायला निघाले तेव्हा मी आजोबांच्या बरोबर चालायचे आणि कुणी त्यांना काही विचारलं की उत्तर मी द्यायचे. ज्या लोकांनी त्यांना इतकी वर्षं यजमान म्हणून पाहिलं, त्यांनी आता त्यांच्याकडे रोगी म्हणून पाहू नये, एवढीच माझी इच्छा होती.

ऑगस्टमध्ये तुमच्या आईचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, यंदा कॅन्सल कर."

"कशाला?"

"कशाला काय विचारतेस? बाबा सगळ्यांसमोर काहीतरी बोलतील. लोक बघत बसतील. तुला बघवणार आहे का ते?"

"ते रोज विचारतात, खुर्च्या काढल्या का म्हणून. त्यांना काय सांगू?"

"सांग, पाऊस आहे."

"रोज पाऊस आहे म्हणून सांगू?"

आजोबा मागून आले आणि स्क्रीनवर डोकावून म्हणाले, "कोण आहे? जेवायला बोलव तिला." तुमची आई हसली आणि मग तिने कॅमेरा बंद केला.

मला सगळं नीट ठरवून करायची सवय आहे. मी ठरवलं, तळण मी सकाळीच उरकून टाकीन, म्हणजे आजोबा कढईजवळ यायला नकोत. त्यांची खुर्ची झाडाखाली सावलीत, लिंबाच्या सरबताच्या टेबलाशेजारी ठेवीन. तिथे येणारा प्रत्येकजण दोन शब्द बोलून पुढे जातो, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात येणार नाही. शर्टसुद्धा मी आदल्या दिवशी इस्त्री करून ठेवला.

शनिवारी ऊन स्वच्छ होतं. कोपऱ्यावरच्या घरच्या तरुण जोडप्याने रस्ता अडवायला नारिंगी अडसर लावले. ती दोघं मूळची नागपूरची, वसंतात इथे राहायला आली. त्यांची ही पहिलीच पार्टी. तो वड्यांच्या परातीवरचा फॉइल उचलून म्हणाला, "काकू, खरोखर तळलेले आहेत ना? नाहीतर इथे सगळे एअर फ्रायरवाले देतात, यार."

"आधी खुर्च्या मांड, मग बोल," मी म्हटलं.

"बघ, पहिल्याच वर्षी कामाला लावलं," तो बायकोला म्हणाला.

माणसं जमली. मक्याची कणसं भाजायला लागली, चीज घालून ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्याच्या कॅसरोल टेबलावर आल्या. आजोबा सावलीत बसले होते, येणाऱ्याला हात हलवत होते. मी कणसांपाशी गेले, मागे वळून पाहिलं, तर खुर्ची रिकामी. आजोबा ताट घेऊन वाढायला उठले होते.

पहिली फेरी इतकी सुरेख झाली, की मला माझीच काळजी खोटी वाटायला लागली. पाठ ताठ, ताट डाव्या हातावर, प्रत्येकापुढे किंचित वाकून, "अजून सुरुवातच केली नाहीत तुम्ही!" हल्ली ते इंग्रजी फारसं बोलत नाहीत, सगळ्यांशी मराठीतच बोलतात, पण ते वाक्य इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लोक 'पुरे' ओरडले, हसले. आजोबा खुर्चीत येऊन बसले आणि मी चिमटा घेऊन पुन्हा कणसांकडे वळले.

थोड्या वेळाने ते पुन्हा उठले. त्याच माणसापासून सुरुवात, तेच वाकणं, तेच वाक्य. लोक पुन्हा हसले, जरा अधिकच मोठ्याने. मग ते तिसऱ्यांदा उठले, आणि आता हसणारे कमी झाले. समोरच्या बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं आहे हे मला कळलं.

मी हातातला चिमटा खाली ठेवला. त्यांच्या हातातून ताट काढून घ्यायचं आणि त्यांना आत न्यायचं, असं मनाशी ठरवून मी निघाले. पण मधे सगळं अंगण होतं, आणि आजोबा तोपर्यंत त्या नागपूरच्या मुलापुढे पोचले होते.

"अहो काका!" तो हात जोडून हसत म्हणाला. "मारता का मला? तिसरी चक्कर आहे तुमची. दोनदा तर वाढलंत!"

त्यात वाईट काही नव्हतं. आपल्याकडे पंगतीत कुणीही असंच म्हणालं असतं. पण आजोबा थांबले.

"मी वाढलं?"

"हो की, काका. दोनदा."

त्याच्या बायकोने त्याचा दंड धरला. आजोबांनी ताटाकडे पाहिलं, मग आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे. ताट एका बाजूला कलायला लागलं. "मग हे कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं. "माझ्या हातात कुणी दिलं?"

तेवढ्यात समोरच्या बाई उठल्या. त्यांच्या खुर्चीवर त्यांची ताटली होती, तिच्यात अर्धा खाल्लेला वडा आणि एक अख्खा वडा होता. ती तशीच ठेवून त्यांनी टेबलावरून नवी कोरी ताटली उचलली आणि आजोबांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "मला मिळालाच नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

"मिळाला नाही?" आजोबांचा चेहरा एकदम जागेवर आला. "असं कसं? आमच्या घरी येऊन उपाशी?" आणि त्यांनी दोन वडे वाढले.

त्यांच्या मागे शेजारचे गृहस्थ कोरी ताटली घेऊन उभे राहिले. त्यांच्या मागे त्यांची मुलगी. मग बाकीचे. ज्यांना रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून आजोबांनी ताट उचललं होतं, ते सगळे त्या दुपारी त्यांच्यापुढे रांगेत उभे होते. शेवटी नागपूरचा मुलगा आला. त्याने ताटली पुढे केली आणि खाली मान घालून म्हणाला, "काका, मला पण." तो वडा त्याने तिथेच उभ्याउभ्या खाल्ला. त्याचे डोळे भरले होते.

रोज सकाळी मी आजोबांना वार आणि तारीख सांगते. चुकले की दुरुस्त करते. माणसाला खरं काय ते सांगावं, असं मला लहानपणापासून शाळेत शिकवलं, आणि मी ते पाळलं. त्या दुपारी मात्र मी अंगणाच्या मध्यावर उभी राहिले आणि कुणालाच दुरुस्त केलं नाही.

मग ताटात एक वडा उरला असताना आजोबा माझ्यापुढे आले.

"तुम्ही उभ्या का? घ्या ना." ते जरा वाकले. "नवीन आलात वाटतं या रस्त्यावर?"

इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर या अंगणात लोकांना वाढलं. त्यांनी मला कधी वाढलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "नवीनच आहे."

"मग लाजू नका. पहिल्या वर्षी सगळेच लाजतात. आमच्या मिसेस आत आहेत, त्यांना भेटून जा. वडे त्यांनीच केलेत."

"चांगले झालेत."

"अहो, न खाताच?" ते मोठ्याने हसले. मीही हसले आणि वडा घेतला. तो गार झाला होता. मी तो शेवटपर्यंत खाल्ला, आणि ते समोर उभे राहून बघत राहिले, पाहुण्याचं पोट भरलं की यजमान बघतो तसे. तुम्ही पाहिलेला फोटो त्या वेळचा आहे.

संध्याकाळी समोरच्या बाई खुर्च्या मिटायला थांबल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की पुढच्या वर्षी टेबलं त्यांच्याकडून आणायची की माझी पुरतील. मी म्हटलं, तुमची पण लागतील.

तुमची पुण्यातली शाळा त्या दिवसांत चालू असते हे मला माहीत आहे. मी कधी कुणाला शाळा बुडवू दिली नाही, तुमच्या आईला विचारा. तरी पुढच्या वर्षी या. आजोबा तुम्हाला ओळखतील असं मी सांगू शकत नाही. ते विचारतील, कुठून आलात? तर सांगा, पुण्याहून. आणि ते जेवढं वाढतील तेवढं खा.