गरज नसलेला स्टेंट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून मी काही लपवत नाही — निदान तिला तसं सांगतो. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही ऐकताय, एवढंच.

मी हृदयाचा डॉक्टर. अमरावतीत अँजिओप्लास्टी करतो. कापसाची वाईट वर्षं चालू होती, तेव्हा अकोटहून इस्माईलभाई आले. गादीवाले. कापूस पिंजून गाद्या भरायचे. चार पावलं चालले की धाप लागायची, छाती भरून यायची. अँजिओग्राफीत एक नस अरुंद दिसली. मी त्यांच्या बायकोला, जैबूनबींना, आत बोलावलं, पडद्यावर बोट ठेवलं आणि सांगून टाकलं — नव्वद टक्के बंद आहे, स्टेंट टाकावाच लागेल. माझी नजर चुकत नाही, असा तेव्हा लौकिक होता. तो पसरवण्यात माझाही हातभार होता म्हणा.

पिंजायचं मशीन विकून ते परत आले.

टेबलावर घेतल्यावर मी आधी प्रेशर वायर घातली. केसासारखी तार, अडथळ्याच्या पलीकडे नेली की रक्ताचा दाब अलीकडे किती, पलीकडे किती, ते कळतं. पलीकडे दाब फार पडला तर स्टेंट, नाही पडला तर औषधांवर भागतं. ही वायर तेव्हा आमच्याकडे नवीन होती. मी ती वापरतो, हे चारचौघांत सांगायला मला आवडायचं.

दाब फारसा पडलाच नव्हता. तार नीट बसवून पुन्हा पाहिलं. तेच.

तिथंच थांबायचं होतं. तार काढायची, बाहेर जायचं आणि सांगायचं की माझी नजर चुकली. जीभ का रेटली नाही? काम झालं की स्टेंटचं रिकामं खोकं नातेवाइकांच्या हातात द्यायची आमच्याकडे पद्धत होती — पैसा कुठं गेला ते दिसावं म्हणून. मशीन विकून आलेल्या बाईच्या हातात मी काय ठेवणार होतो? हे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. पण खोटं आहे ते. मला माझा शब्द खाली पडू द्यायचा नव्हता, बस.

इस्माईलभाई जागेच होते. छताकडे बघत म्हणाले, "डाक्टरसाहेब, टाकाच लागते काय?"

मी म्हणालो, "हो."

खोकं जैबूनबींनी रुमालात बांधून घेतलं.

पुढं त्यांना बरं वाटलं. मशीन गेलं, कापसाची धूळ गेली, धाप गेली — हे मला फार उशिरा सुचलं. ते मात्र स्टेंटचे गुण गायचे. आता, स्टेंट टाकला की रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मध्येच सोडून चालत नाही. सोडल्या तर त्या धातूवर रक्त गोठतं. मी बजावलं होतं. पण कापसाला भाव नव्हता, मशीन नसल्यानं गाद्यांचं काम बंद होतं, आणि छाती तर दुखत नव्हती. त्यांनी गोळ्या बंद केल्या. एका सकाळी चहा घेता घेता कोसळले आणि दवाखाना गाठायच्या आत गेले.

स्टेंट नसता तर गोळ्या सोडल्या तरी ते गेले नसते. एवढंच आहे सगळं.

चाळिसावा झाल्यावर जैबूनबी अमरावतीला आल्या. एस्टीच्या टपावरून एक गादी आणली होती. मशीन नव्हतं, म्हणून इस्माईलभाईंनी बापाच्या वेळची पिंजण काढून, हातानं कापूस पिंजून, माझ्यासाठी भरली होती. द्यायची राहून गेली होती.

"तुमी तं त्याईले वाचवलं होतं, साहेब," त्या म्हणाल्या. "गोळ्या आमीच बंद केल्या. गलती आमची हाय."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, गोळ्या बंद करायला नको होत्या.

त्यांनी मान हलवली आणि डोळे पुसले. मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

गादी आमच्या दिवाणावर आहे. दुपारी जेवण झालं की मी तिच्यावरच आडवा होतो. झोप लागते.