न विचारणाऱ्या बाई

शाळेत बाईंचं नाव तोफ. मुलांनी ठेवलेलं, आणि असल्या बाबतीत मुलं सहसा चुकत नाहीत. तळमजल्यावर गणिताच्या तासाला बाई तोंड उघडायच्या आणि वरच्या मजल्यावर चित्रकलेच्या वर्गात ब्रश थांबायचे. उत्तर आलं नाही तर विचार, चुकलं तर विचार, बरोबर आलं तरी "कसं आलं ते सांग." विचारल्यावाचून बाईंना चैन पडत नसे.

मग बाईंचे यजमान गेले. सकाळी चहा घेत बसलेला माणूस दुपारी नाही. बाई रडल्या नाहीत. आल्यागेल्याला पाणी दिलं, चाचणीचे पेपर तपासून वेळेत दिले, आणि एक दिवस फळ्यावर उदाहरण मांडता मांडता थांबल्या त्या थांबल्याच. पुढची पायरी येत नव्हती असं थोडंच होतं. ती कशासाठी लिहायची, तेच कळेना. मुलं आधी खुदखुदली, मग घाबरली. असं वरचेवर व्हायला लागलं.

मुख्याध्यापिका मनाने बऱ्या होत्या. त्यांनी बाईंना खोलीत बोलावलं. "ग्रंथपालाची जागा रिकामी आहे. शिक्षकांना त्यासाठी तयार करणारं प्रशिक्षण सुरू होतंय. आपले कवायतीचे सरही जातायत. तुम्ही पास झालात तर जागा तुमची. नाही झालात तर परत वर्ग, आणि वर्ग झेपला नाही तर घरी बसावं लागेल."

"बरं," बाई म्हणाल्या. हल्ली त्या सगळ्यालाच बरं म्हणत.

घरी नणंद होती. यजमानांची थोरली बहीण, भावामागे भावजय एकटी नको म्हणून बोचकं उचलून आलेली. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण भावजयीवर जीव होता. एकदा जेवताना तिने विचारलं, "भाजी कशी झालीय?"

"बरी आहे, वन्सं."

"मीठ घातलंच नाही मी. मुद्दाम."

बाईंनी पुढचा घास घेतला. नणंदेने कपाळाला हात लावला. "अगं, कशाचं तरी वाईट वाटू दे. घरी बसलीस तर रोज असलं गिळशील आणि मी बघत बसेन. ते प्रशिक्षण तेवढं पास हो बाई."

प्रशिक्षणाला आलेली सगळी शिक्षक मंडळी, आणि जित्याची खोड काय सांगावी. कवायतीच्या सरांनी कपाटातली पुस्तकं उंचीप्रमाणे उभी केली, बुटकी पुढे, उंच मागे. भाषेच्या एका बाईंनी लाल पेन काढून छापील पुस्तकातल्या चुका सुधारल्या आणि शेवटच्या पानावर सहीसुद्धा ठोकली. शिकवणारी पोरगी यातल्या कुणाचीही लेक शोभली असती. या सगळ्याला ती हसायची. एका गोष्टीला मात्र हसायची नाही.

"मूल पुस्तक परत देतं तेव्हा आपल्या तोंडाला कुलूप," ती सांगायची. "कळलं का, पूर्ण वाचलंस का, काय शिकलास, एक अक्षर नाही. परतीच्या टेबलावर तोंडी परीक्षा घेतली की मूल पुन्हा फिरकत नाही. त्याला सांगावंसं वाटलं तर ते आपणहून सांगेल."

सरावात एकजण मूल व्हायचा, एकजण ग्रंथपाल. एकजात सगळे आपटले. भूगोलाच्या सरांनी दातओठ आवळून पुस्तक घेतलं, शिक्का मारला आणि अगदी शेवटी "तात्पर्य काय?" विचारून बसले. बाई तेवढ्या बिनचूक. पुस्तक घेतलं, शिक्का मारला, बाजूला ठेवलं.

"बघा," ती पोरगी म्हणाली, "याला म्हणतात संयम."

डोंबलाचा संयम. बाईंना काही जाणूनच घ्यायचं नव्हतं, म्हणून विचारत नव्हत्या. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण हे कुणाला सांगावं असंही त्यांना वाटलं नाही.

शेवटची परीक्षा आपापल्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर. कोपऱ्यात ती पोरगी गुणपत्रक घेऊन बसली. मुलं येत होती, बाई पुस्तकं घेत होत्या, शिक्के पडत होते. अर्ध्याहून जास्त वेळ असाच गेला.

मग एक चिमुरडी आली. दूधगाडी ओढणाऱ्या म्हाताऱ्या घोड्याचं पुस्तक तिने टेबलावर ठेवलं, पण हात काही काढला नाही. बाईंनी आपल्या बाजूने पुस्तक धरलं. शेवटून चार-पाच पानं आधी एक कोपरा दुमडलेला होता.

बाईंनी कोपऱ्यातल्या पोरीकडे पाहिलं. तीही त्यांच्याकडेच पाहत होती, आणि तिची मान किंचित नकारार्थी हलली. नियम बाईंना पाठ होता. पण आज कितीतरी दिवसांनी त्यांना काहीतरी जाणून घ्यायचं होतं.

"पुढे का नाही वाचलंस?"

चिमुरडीने खाली पाहिलं. "तो मरणार आहे. मला कळलं. म्हणून तिथेच थांबले. तिथे तो अजून चारा खातोय."

शिक्का बाईंच्या हातातच राहिला. सकाळचा तो चहाचा कप, कपाच्या कानात अडकवलेलं यजमानांचं ते बोट, सगळं एकदम डोळ्यापुढे आलं. बाई सगळ्या मुलांदेखत रडल्या, नाक लाल होईपर्यंत. चिमुरडी बावरून आपला रुमाल पुढे करून उभी राहिली.

पोरगी नंतर हळू आवाजात म्हणाली, "बाई, मला लिहावं लागेल."

"लिही," बाई म्हणाल्या. "विचारलंच की मी."

जागा कवायतीच्या सरांना मिळाली. बाईंना सोमवारपासून वर्ग.

संध्याकाळी नणंदेने ताट वाढलं. "काय झालं?"

"नापास झाले."

नणंद पाटावर टेकली. तिने नेहमीचंच विचारलं, नेहमीसारखं उत्तराची आशा न ठेवता. "वाईट वाटलं?"

"वाटलं, वन्सं. फार वाटलं." बाईंनी घास तोंडात घातला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "आणि भाजीत मीठ नाहीये."

नणंदेने मिठाचा डबा पुढे सरकवला. एवढी बोलकी बाई, पण त्या रात्री तिने आणखी काही विचारलं नाही.