दोघींतली जाडी

आम्ही जुळ्या. धुळ्यात वाढलो. चेहरा सारखा, आवाज सारखा, फोनवर तर आबांनाही कळायचं नाही की कोण बोलतंय. आबा म्हणजे आमचे वडील. ओळखायची खूण एकच होती: बहीण बारीक आणि मी जाड. पाहुणे आले की आई चहा टाकता टाकता सांगायची, "ही बारकी, ही जाडी." त्यात दुष्टावा नव्हता, सोय होती. जेवताना बहिणीला आग्रह व्हायचा. माझ्याकडे बघून आबा म्हणायचे, "हिला वाढू नका, ही मागून घेईल." सगळे हसायचे. मीही हसायचे.

बहिणीचं लग्न आधी ठरलं. जळगावचं स्थळ, घरचा डाळीचा धंदा. ते बघायला येणार तेव्हा दोघींना एकदम समोर आणायचं नाही असं आईने ठरवलं. मी आत पोह्यांच्या बशा भरत राहिले. वाईट वाटायला हवं होतं, असं आता वाटतं. तेव्हा काही वाटलं नाही. फक्त त्या दिवशी जेवावंसं वाटलं नाही आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

लग्नघरात न जेवणं फार सोपं असतं. "आत्ताच खाल्लं" म्हटलं की विषय संपतो. माझं शिक्षण आटोपलं होतं, नोकरी लागत नव्हती, माझ्या लग्नाचं बोलणं माझ्याशिवाय चालायचं. ताटात काय राहील आणि पोटात काय जाईल, एवढंच माझ्या म्हणण्याप्रमाणे व्हायचं.

बहीण सासरी गेली. मी उतरत गेले. कपडे शिवून लहान करून घेतले. ज्या आईने मला कधी निरखून पाहिलं नव्हतं, ती शेजारच्या अक्कांना म्हणाली, "आते दिखस पोर." आता कुठे मुलगी दिसते. अक्का माझ्याभोवती फिरून म्हणाल्या, "काय करतेस गं, आम्हालाही सांग." मी चतुर्थी धरली, मग गुरुवार, मग सोमवार. उपवास का धरला, असं आपल्याकडे कुणी विचारत नाही.

कधी दुपारी आई बाहेर गेली की उलटं व्हायचं. ओट्याशी उभी राहून मी डब्यातली शेव, गार खिचडी, हाती लागेल ते खात सुटायचे. चव लागायची नाही. पोट भरल्याचं कळायचं नाही. डबा रिकामा झाला की थांबायचे, डबा घासून जागेवर ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी नवीन उपवास.

त्या हिवाळ्यात बहिणीच्या सासरच्यांनी शेतावर भरीत पार्टी ठेवली. आम्हालाही बोलावणं होतं. बसने जळगावला गेलो. शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजत होते, बायका पुऱ्या लाटत होत्या. मी विहिरीजवळ पाठमोरी उभी होते. बहिणीच्या सासूबाईंनी मागून हाक मारली. हाक बहिणीच्या नावाची होती.

"अगं, कांद्याची पात कुठे ठेवलीस?"

मी वळले. त्या थबकल्या, मग हसत सगळ्यांना सांगू लागल्या, "माझीच फसगत झाली बघा. आता दोघी अगदी सारख्या."

आईचा चेहरा उजळला. मी आयुष्यभर वाट पाहत असेन तर याच वाक्याची. ते आलं आणि माझ्यात काही हललं नाही. पात कुठे आहे मला माहीत नाही, एवढं मी सासूबाईंना सांगितलं.

बहीण लाटणं ठेवून उठली. मला झाडामागे घेऊन गेली आणि स्वेटरची बाही वर केली. माझ्या हातावर बारीक लव आली होती. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"थंडी वाजते?"

"हो."

"पाळी येते?"

"नाही."

"कधीपासून?"

"आठवत नाही."

"आईला सांगितलंस?"

"तिने विचारलं नाही."

बहीण रडली नाही, रागावलीही नाही. आईला जाऊन म्हणाली, "ही काही दिवस इथेच राहील." आईने कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "मला करमत नाही म्हणून."

तिने नेलं त्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, अशी लव उपासमारीने येते म्हणाले आणि एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांची लहानशी खोली होती.

"रडू येतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"राग?"

"नाही."

"भूक?"

मी विचार केला. "तीही नाही."

त्या म्हणाल्या, "वाईट वाटू नये म्हणून आपण भूक मारतो. मग तिच्यासोबत बाकीचंही मरतं." मी मान हलवली. पटलं नव्हतं, पण वाद घालण्याइतकं काही वाटतही नव्हतं.

परतताना बहिणीने रस्त्याकडेला स्कूटर थांबवली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला लहानपणी बळंबळं भरवायचे ना, मला अजून कुणी वाढायला आलं की छातीत धडधडतं. सासरी सगळे म्हणतात, सून नखरे करते." मला हे माहीत नव्हतं. एका ताटासमोर बसून वाढलो आम्ही, आणि मला माहीत नव्हतं.

मग मी तिच्याकडेच राहिले. भूक लागण्याची वाट बघायची नाही, वेळ झाली की खायचं, असं बाईंनी सांगितलं होतं. बहीण समोर बसायची. मला थांब म्हणायची नाही, घे म्हणायची नाही. आम्ही दोघी औषध घेतल्यासारख्या जेवायचो. काही घास फार जड गेले. काही दिवस डबे पुन्हा रिकामे झाले. हळूहळू पाळी आली, लव गेली. पुढे भुसावळला शाळेत नोकरी लागली आणि मी तिकडे खोली घेतली.

मध्यंतरी धुळ्याला गेले होते. आई डाळ निवडत होती. वर बघून म्हणाली, "पुन्हा भरलीस वाटतं."

मी म्हणाले, "माझ्या अंगाबद्दल बोलू नकोस."

"मी काय वाईट बोलले?"

"नाही बोललीस. तरी बोलू नकोस."

आबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. आई खाली बघून खडे वेचत राहिली. मी पायरीवर जाऊन बसले तेव्हा माझे हात थरथरत होते. आधी मला वाटलं, चक्कर येतेय. बऱ्याच वेळाने कळलं की राग आलाय.