म्हशी आणि आंधळे : वलवणच्या पाण्यावरची दोन नावं

लोणावळ्याजवळच्या वलवणच्या तलावावर पोहायला जायचं मी ठरवलं ते रागाच्या भरात. लढाई सुरू व्हायच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आम्ही पुण्याच्या सहा जणी काष्टा घट्ट मारून नदीत, विहिरीत पोहायचो. मी शाळेत शिकवते, बाकीच्या घरसंसारातल्या. लोणावळ्याच्या बंगल्यांत उतरणाऱ्या हौशी मंडळींचं होड्या वल्हवणारं एक टोळकं होतं. माझ्या भावाचे दोन मित्र त्यातलेच. त्यांच्याकडून निरोप आला, "रविवारी आमची शर्यत आहे. मागून म्हशींचीही होऊन जाऊ दे."

म्हशी म्हणजे आम्ही. हे नाव वर्षभर आमच्या पाठीला चिकटलं होतं. कुठून आलं, ते आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

भाऊ म्हणाला, "अगं, गमतीनं म्हणतात."

"मग जाऊन गंमत बघतेच," मी म्हटलं.

बाकीच्या जणी रविवारी येणार होत्या. मी शनिवारीच निघाले, कारण वडगावला माझी मैत्रीण कुसुम दिलेली आहे. वडगावला उतरायचं तर पॅसेंजरच धरावी, मेल तिथं थांबत नाही. तळेगाव सुटलं की भाताची कापलेली खाचरं आणि मधूनच गवताच्या गंजी दिसतात. थंडी अशी की खिडकीची फळी लावून घ्यावी लागली. कुसुमच्या सासूबाईंनी, त्यांना मी मावशी म्हणते, आंबेमोहोराचा भात आणि वालाची उसळ रांधली होती. त्या भातासाठी सुद्धा कुणी मावळात यावं.

जेवणं झाल्यावर मावशी फणी घेऊन बसल्या आणि सुनेचे केस विंचरू लागल्या. सासू सुनेची वेणी घालते, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मी हसून म्हटलं, "कुसुम, लाड चाललेत की!"

ती हसली नाही. "माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही."

लग्नाआधी आमच्यातली सगळ्यांत वेगानं पोहणारी कुसुम! काय झालं, मी विचारलं. सांगितलं ते मावशींनी. त्यांचं माहेर वलवणचं. आदल्या वर्षी दोघी तिकडं गेल्या होत्या, कुसुम तलावात पोहत होती.

"आमी काठावर धुनं धूत व्हतो. होडी सरळ हिच्या अंगावर आली. ही हात वर करून वरडत व्हती. होडीचं टोक खांद्यावर बसलं नि ती तशीच फुडं गेली. थांबली बी न्हाई. माज्या भावानं उडी टाकून हिला भाईर काढली."

"कोण होतं होडीत?"

"वल्ही मारनाऱ्यांची पाठ व्हती. पन मागं सुकानू धरून बसलेला आमच्याकडं तोंड करून व्हता. संध्याकाळी मानूस धाडून इचारलं, तर म्हनला, म्हैस वाटली." मावशींनी फणी खाली ठेवली. "म्हशीला तरी कुनी अशी होडी घालतं व्हय?"

त्या क्षणी मला आमच्या नावाचा उगम कळला. अंगाचा तिळपापड झाला. "तू आम्हाला कळवलं का नाहीस?" मी कुसुमवर ओरडलेच.

"काय कळवू? लोक हसतच होते," ती म्हणाली.

सकाळी तिघी गाडीनं लोणावळ्याला गेलो. स्टेशनाबाहेर टांग्याचं भाडं आधी ठरवून घ्यावं. आम्ही घेतलं नाही आणि वलवणला हुज्जत घालत बसलो. पोहायला जाणारांनी दगडी काठानं उतरावं, दुसऱ्या अंगाला गुडघाभर गाळ आहे. आणि ऊन चांगलं चढेपर्यंत थांबावं, पाणी हाडं गोठवतं.

होड्यांची शर्यत झाली. होड्या दगडी काठाला लावून मंडळी फराळाला बसली. मावशींनी ओळखला तो सुकाणूवाला उभा राहिला. दिनकरराव त्याचं नाव, पांढरी विजार, गोड आवाज. "म्हशी हे नाव कसं पडलं माहीत आहे का? गेल्या वर्षी शर्यतीत समोर काहीतरी काळं डुंबताना दिसलं..." त्यानं हातवारे करून सगळं रंगवून सांगितलं. हशा पिकला. आमच्या दोघी-तिघी सुद्धा हसल्या, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत!

मी उठले. "ती म्हैस इथं बसली आहे," मी म्हटलं आणि कुसुमकडं बोट केलं. "हिचा हात कायमचा गेला. आता सांगा पुढची गंमत."

"अहो बाई, थट्टेची गोष्ट..." तो म्हणाला.

तेवढ्यात कुसुम उभी राहिली. "मी हात वर केला होता. म्हशीला हात असतात का?"

दिनकररावाचा चेहरा उतरला. "शर्यत अगदी शेवटाला आली होती. त्या वेळी वळवली असती तर..."

"म्हंजे दिसली व्हती," मावशी म्हणाल्या.

त्यांच्यातला एकजण पुटपुटला, "बायकांना विनोद कळत नाही." झालं, आम्ही सहाही जणी पाण्यात उतरलो. होड्या परत नेऊन ठेवायची पडवी तलावाच्या एका चिंचोळ्या भागापलीकडं होती. त्या चिंचोळ्या भागाच्या तोंडाशी आम्ही रांग धरून तरंगत राहिलो. होडी जवळ आली की ओरडायचो, "ए आंधळ्या, दिसतंय का?" दिनकररावानं होडी थांबवली, या खेपेला थांबवता आली त्याला. ऊन उतरेपर्यंत आम्ही हललो नाही. अखेर पांढऱ्या विजारी गाळात बुडवत त्यांनी होड्या काठाकाठानं ओढत नेल्या. माफी मात्र कुणी मागितली नाही.

पुण्याला पोचले तर भावाला बातमी आधीच लागलेली. "म्हशींनी आंधळ्यांना अडवलं म्हणे!" म्हणून तो पोट धरून हसला. त्याला दोन दिवस मी वाढलं नाही.

आता यालाही दोन पावसाळे झाले. दोन्ही नावं रुळली आहेत. नव्या मुली स्वतःला ऐटीत म्हशी म्हणवतात, होडीवाले "आम्ही आंधळे" म्हणत हात हलवतात, आणि काठावरचे लोक टाळ्या पिटतात. कुसुमचे केस अजून मावशीच विंचरतात.

मला मात्र त्या दिवशी ओरडलेल्या नावाचाच राग येतो. आंधळ्याला दिसत नाही. दिनकररावाला दिसलं होतं.