उघड्या डोळ्यांची मावशी

सुशीलामावशी गेल्याचं सांगायला आईनं मला कुर्डुवाडीला फोन केला, तेव्हा ती रडत नव्हती. "आता हिला माती कुठं द्यायची गं?" एवढंच म्हणाली. प्रश्न खराच होता. सोलापुरातली आमची ख्रिस्ती वस्ती, घरोघरी बायबल, आणि माझ्या या सख्ख्या मावशीचा देवावर विश्वास नव्हता. तिनं ते कधी लपवलंही नाही. नर्स होती, वस्तीत कुणी वारलं की अंघोळ घालायला, कपडे चढवायला हीच पुढं. प्रार्थना सुरू झाली की मात्र बाहेर पायरीवर जाऊन बसायची. ती आईजवळच राहायची. जेवणाआधी आम्ही डोळे मिटले की म्हणायची, "तुम्ही करा की निवांत, मटणाकडं मी बघते." आमचं मांजर लई आगाऊ होतं.

शेवटच्या आजारात चर्चचे पाळक घरी आले, त्या दिवशी मी तिथंच होते. भला माणूस. दफनभूमीत आईवडिलांशेजारी जागा मागितली तर मंडळीतले वडीलधारे अडून बसतील. प्रार्थनेनंतर नुसतं आमेन म्हणा, पुढचं मी बघतो, असं ते समजावत होते. आईनं तर बहिणीपुढं हात जोडले. मावशी पार थकली होती... तरी हसली.

"जन्मभर तुमच्याशी खोटं बोलले नाही. आता जाता जाता कशाला बोलू?"

मरण उशाशी आलेलं आणि बाई जागची हलत नाही!

ती गेल्यावर जागेचं ठरवायला चर्चची मंडळी बसली. सगळ्यांत कडक इस्राएलकाका. तेच नाही म्हणणार, अशी आईला धास्ती. ते म्हणाले, "माझ्या आईला तिनं न्हाऊ घातलं. आता तिला दुसरीकडं कुटं नेता?" विषय संपला.

माती दिली ती तिच्या इच्छेप्रमाणं, प्रार्थनेविना. पाळक बायबल न घेताच आले. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली आणि उभे राहिले. पण संपलं, हे कुणी सांगायचं? आमेन झाल्याशिवाय हलायची आम्हाला सवयच नाही. अख्खी वस्ती उन्हात उभी... कुणी बोलेना, कुणी जाईना. कितीतरी वेळानं इस्राएलकाकांनी टोपी घातली, तेव्हा माणसं वळली.

परवा रविवारी आईकडं जेवायला बसलो. आईनं प्रार्थना सुरू केली. मावशीची खुर्ची रिकामी, म्हणून मांजर कुठं आहे ते बघायला मी हळूच डोळे उघडले. आईचेही उघडेच होते. तोंडानं प्रार्थना चालू होती, आणि ती मटणाकडं बघत होती.